फाईल अपलोड आणि लॉगिन: कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

राजारामपुरीतल्या आमच्या वर्गात येणारी मुलं, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या कारखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारे मित्र, पतसंस्थेचं काम एकट्याच्या अंगावर घेतलेले डेव्हलपर... या सगळ्यांकडून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते जवळपास त्यांच्याच शब्दांत इथं ठेवलेत. उदाहरणं बहुतेक पीएचपीची आहेत, कारण येणारे प्रश्न त्यातलेच असतात. पण नोड, जँगो किंवा लारावेलवाल्यांनाही तत्त्व तेच लागू. फंक्शन आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे लिहिलीत. कोडमध्ये त्यातल्या शब्दांच्या मध्ये अंडरस्कोर येतो.

१. फॉर्ममधून फाईल पाठवली, पण सर्व्हरवर नुसतं नावच पोचतंय. फाईल कुठं गेली?

ती निघालीच नाही. फॉर्मच्या टॅगवर मेथड ‘पोस्ट’ आणि एनकटाइप ‘मल्टिपार्ट/फॉर्म-डेटा’ लिहिलेलं नसेल, तर ब्राउझर फाईलचं फक्त नाव पाठवतो. एचटीएमएलचा फॉर्म मुळात मजकुरासाठी होता. फाईल पाठवायची सोय नोव्हेंबर १९९५ मध्ये आरएफसी १८६७ या प्रस्तावातून आली आणि तीही वेगळी मागावी लागेल अशी. ती मागायला आपण विसरतो.

जावास्क्रिप्टच्या फेचनं पाठवत असाल तर चूक उलट्या बाजूनं होते. फॉर्मडेटा ऑब्जेक्ट दिल्यावर कंटेंट-टाइप हेडर हातानं लिहायचा नाही. त्या हेडरमध्ये दोन भागांमधली सीमारेषा कुठल्या मजकुराची आहे, हे ब्राउझर स्वतः लिहितो. आपण हेडर लिहिला की ती सीमारेषा पुसली जाते आणि सर्व्हरला फाईल कुठं सुरू झाली तेच कळत नाही.

२. फाईल पोचली, पण फोल्डरमध्ये दिसत नाही. एरर पण काही नाही.

पीएचपी आलेली फाईल आधी तात्पुरत्या जागी ठेवतं आणि स्क्रिप्ट संपली की पुसून टाकतं. त्याआधी ‘मूव्ह अपलोडेड फाईल’ फंक्शननं ती पक्क्या जागी हलवावी लागते. साध्या ‘कॉपी’ किंवा ‘रिनेम’पेक्षा हेच वापरा, ही फाईल खरोखर याच विनंतीतून आलेली आहे ना, हे ते आधी तपासतं. हलवूनही फाईल दिसत नसेल तर फोल्डरवर लिहिण्याची परवानगी पाहा. पण म्हणून ‘७७७’, म्हणजे कोणालाही लिहू देणारी परवानगी, देऊन मोकळं होऊ नका. वेब सर्व्हर ज्या युजरनं चालतो, फोल्डर त्याच्या मालकीचा करा.

३. छोटी फाईल जाते, मोठी गेली की फॉर्मच रिकामा येतो. असं का?

फाईल तीन दारांतून आत येते आणि प्रत्येक दाराची उंची वेगळी असते. पहिलं दार एनजिनएक्स या वेब सर्व्हरचं: ‘क्लायंट मॅक्स बॉडी साइझ’ मूळ सेटिंगमध्ये फक्त १ एमबी. तिथं अडलं तर ४१३ एरर येतो आणि पीएचपीला काही कळतही नाही. दुसरं ‘पोस्ट मॅक्स साइझ’, मूळ ८ एमबी. तिसरं ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’, मूळ २ एमबी.

फॉर्म रिकामा येणं ही दुसऱ्या दाराची खूण. सगळ्या फॉर्मचा आकार ती मर्यादा ओलांडून गेला, की पीएचपी पोस्ट आणि फाइल्स हे दोन्ही अ‍ॅरे रिकामे देतं. नाव, पत्ता, सुरक्षेचं टोकन, सगळं जातं. मग फ्रेमवर्क ‘टोकन जुळत नाही’ म्हणतं आणि पोरं दोन-दोन दिवस टोकनच्या मागं लागतात. तिसऱ्या दारात अडलं तर फॉर्म नीट येतो, पण त्या फाईलचा एरर क्रमांक १ असतो. तो क्रमांक वाचायची सवय लावा. ० म्हणजे ठीक, ३ म्हणजे फाईल अर्धवट आली, ४ म्हणजे फाईल निवडलीच नव्हती.

आजच्या फोनचा फोटो सहज ३ ते ५ एमबीचा असतो, म्हणजे मूळ सेटिंगवर ठेवलेलं पोर्टल फोनवरून फोटो टाकणाऱ्या बहुतेकांना नापास करणार. फाईलची मर्यादा १० ठेवलीत तर पोस्टची त्याहून थोडी मोठी ठेवा आणि एनजिनएक्सची तेवढीच किंवा त्याहून मोठी. बदलल्यावर पीएचपी-एफपीएम (पीएचपी चालवणारी सेवा) आणि एनजिनएक्स दोन्ही रीलोड करा. आणि मर्यादा किती आहे हे फॉर्मवर मराठीत लिहा. गगनबावड्याहून डेटा खर्चून फोटो पाठवणाऱ्याला ते आधी कळलं पाहिजे.

४. लॉगिन केलं म्हणजे सर्व्हर नक्की काय लक्षात ठेवतो?

स्वतःहून काहीच नाही. एचटीटीपीत प्रत्येक विनंती सुटी असते. मागची कोणी केली याच्याशी तिला देणंघेणं नसतं. म्हणून १९९४ मध्ये नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी कुकीची सोय आणली.

अंबाबाईच्या देवळाबाहेर चप्पल ठेवताना बिल्ला मिळतो ना, तसंच हे. बिल्ल्यावर तुमचं नाव नसतं, फक्त आकडा असतो. कोणती चप्पल कोणाची, हे स्टँडवाल्याकडच्या खणांवरून ठरतं. कुकी म्हणजे बिल्ला, सेशन म्हणजे खण. आणि बिल्ला ज्याच्या हातात, चप्पल त्याची. सेशनचा आकडा दुसऱ्याच्या हाती पडला की तो तुमच्या नावानं आत आलाच.

म्हणून बिल्ला जपायचा. कुकीवर ‘एचटीटीपी-ओन्ली’ लावा, म्हणजे पानावरची जावास्क्रिप्ट तो वाचू शकत नाही. ‘सिक्युअर’ लावा, म्हणजे तो एचटीटीपीएसशिवाय बाहेर पडत नाही. ‘सेमसाइट’ लावा, ते कशासाठी, हे प्र. १२ मध्ये आहे. आणि लॉगिन यशस्वी झाल्याबरोबर ‘सेशन रीजनरेट आयडी’ वापरून बिल्ला बदला. नाहीतर कोणीतरी आधीच आपल्या माहितीतला आकडा तुमच्या ब्राउझरमध्ये टाकून ठेवतो, तुम्ही लॉगिन करता आणि तोच आकडा घेऊन तोही आत येतो.

५. पासवर्ड एमडी५ करून ठेवला तर चालेल का?

नाही. एमडी५, म्हणजे मजकुराचा ठसा (हॅश) काढायची जुनी पद्धत, फार वेगवान आहे आणि पासवर्ड फोडणाऱ्याला वेगच हवा असतो. पीएचपी ५.५ पासून ‘पासवर्ड हॅश’ आणि ‘पासवर्ड व्हेरिफाय’ ही फंक्शनं तयार आहेत, तीच वापरा. एक बारकावा: ही फंक्शनं मूळ सेटिंगमध्ये बीक्रिप्ट ही पद्धत वापरतात आणि ती पहिले ७२ बाइटच पाहते. देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे मराठीत पासवर्ड ठेवणाऱ्याची २४ चिन्हंच मोजली जातात, आणि काना-मात्राही त्यात आल्या. लांब मराठी वाक्य पासवर्ड म्हणून चालवायचं असेल तर बीक्रिप्टऐवजी आर्गॉन२ ही पद्धत निवडा.

६. प्रत्येक पानावर लॉगिन तपासलंय. तरी एकाची फाईल दुसऱ्याला दिसते. कसं काय?

या पानावरचं सगळं विसरलात तरी चालेल, पण हे उत्तर दोनदा वाचा.

काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेसाठी मी शिष्यवृत्तीच्या अर्जांचं पोर्टल केलं होतं. लॉगिनशिवाय एकही पान उघडत नव्हतं आणि मी त्यावर समाधानी होतो. एके दिवशी एका विद्यार्थिनीचा फोन आला: “सर, मी माझा उत्पन्नाचा दाखला उघडतेय, पण दुसऱ्याच मुलाचा जातीचा दाखला येतोय.” लिंक हातानं टाइप करताना तिचा एक आकडा चुकला होता. लिंकच्या शेवटी दाखल्याचा अनुक्रमांक होता आणि माझा कोड एवढंच विचारत होता, की समोरचा लॉगिन आहे का. तो मागतोय ती फाईल त्याची आहे का, हे मी कुठंच विचारलं नव्हतं. त्या रात्री पोर्टल बंद केलं, लॉग काढून कोणी कोणते कागद उघडले ते तपासलं आणि सकाळी संस्थेत जाऊन सगळं सांगितलं. ज्यांच्या घरची परिस्थिती त्या कागदांवर लिहिली होती, त्यांनी ती विश्वासानं माझ्याकडं ठेवली होती. ते मला अजून लागतं.

ओळख वेगळी आणि अधिकार वेगळा. बँकेच्या दारातून आत आलेला प्रत्येक माणूस खातेदार असेल, पण म्हणून तो कोणाचाही लॉकर उघडत नाही. त्यामुळं फाईल शोधणाऱ्या क्वेरीतच मालक घाला: फाईलचा क्रमांक हा, आणि मालक सेशनमधला युजर. मालकाचा क्रमांक लिंकमधून किंवा फॉर्मच्या लपवलेल्या रकान्यातून कधीच घेऊ नका. तो फक्त सेशनमधून. नोंद सापडली नाही तर ४०४ द्या. ‘तुम्हाला परवानगी नाही’ असं सांगितलं की फाईल अस्तित्वात आहे, एवढं तरी समोरच्याला कळतंच.

हीच तपासणी फाईल बघताना, बदलताना, पुसताना, छोटी प्रतिमा दाखवताना, झिप करून देताना, सगळीकडं लागते. बघण्याच्या पानावर ती असते आणि पुसण्याच्या बटणामागं नसते, हे मी परीक्षेला आलेल्या प्रोजेक्टांत बऱ्याचदा पाहतो. दोन वेगळ्या खात्यांनी लॉगिन करा, एकाच्या लिंका दुसऱ्यात चिकटवा. दहा मिनिटांचं काम आहे.

७. मग अनुक्रमांकाऐवजी लांबलचक रँडम नाव दिलं तर झालं ना?

रँडम नाव द्याच, पण ते तपासणीच्या जोडीला, तिच्या जागी नाही. लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पुढं जाते, ब्राउझरच्या इतिहासात राहते, सर्व्हरच्या लॉगमध्ये उतरते. नाव ओळखता येत नाही, एवढंच. मिळालं की फाईल उघडतेच.

८. फाईली कुठल्या फोल्डरमध्ये ठेवायच्या?

‘पब्लिक एचटीएमएल’च्या बाहेर, एक पायरी वर. आत ठेवल्या की वेब सर्व्हर त्या थेट देतो आणि प्र. ६ मधली तुमची तपासणी वाटेत लागतच नाही. बाहेर ठेवून एका स्क्रिप्टमधून द्या: आधी अधिकार पाहा, मग फाईल. मोठ्या फाईलींसाठी स्क्रिप्टनं फक्त परवानगी द्यावी आणि प्रत्यक्ष पाठवण्याचं काम एनजिनएक्सकडं सोपवावं; त्यासाठी ‘एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट’ हेडर आहे.

क्लाउडवर, म्हणजे अ‍ॅमेझॉन एस३ सारख्या ठिकाणी ठेवत असाल, तर बकेट खाजगी ठेवा आणि अधिकार तपासून मुदतीची सही केलेली लिंक द्या. तिथं जास्तीत जास्त ७ दिवसांची मुदत देता येते, पण सभासदाचा सातबारा दाखवायला ५ मिनिटं पुष्कळ झाली. ती लिंक मुदतीत असेपर्यंत कोणाच्याही हातात चालते, हे लक्षात असू द्या.

९. एक्स्टेंशन तपासतोय: जेपीजी, पीएनजी, पीडीएफ. एवढं पुरे ना?

पुरे नाही. नाव पाठवणाऱ्यानं ठरवलेलं असतं आणि ब्राउझरनं सांगितलेला प्रकारही त्याच्याच हातात असतो. फाईलचे पहिले बाइट पाहा: जेपीजी २५५, २१६, २५५ या आकड्यांनी सुरू होते, पीएनजी १३७ नं, पीडीएफ टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी. पीएचपीत हे काम फाइलइन्फो करतं. वर्डची डॉकएक्स फाईल ‘पीके’ या अक्षरांनी सुरू होते, कारण ती आतून झिप आहे आणि पीके म्हणजे झिपचे कर्ते फिल कॅट्झ. त्यामुळं ‘झिप नको’ म्हणणारी ढोबळ तपासणी कधी कधी वर्डच्या फाईलीही परत पाठवते.

पण पहिले बाइट खरे असूनही आत घात असू शकतो. खरीखुरी जेपीजी घेऊन तिच्या टिप्पणीच्या जागेत पीएचपीचा कोड भरता येतो. ती ‘.पीएचपी’ नावानं वेबच्या फोल्डरमध्ये पडली की कोड चालतो आणि अख्खा सर्व्हर दुसऱ्याचा होतो. म्हणून चार गोष्टी एकत्र करा: चालणाऱ्या प्रकारांची यादी ठेवा, न चालणाऱ्यांची नको, नाव आणि एक्स्टेंशन स्वतः द्या, फोटो सर्व्हरवर नव्यानं एनकोड करा, आणि फोल्डर बाहेर ठेवा. देताना ‘एक्स-कंटेंट-टाइप-ऑप्शन्स’ हेडरमध्ये ‘नोस्निफ’ लिहा, म्हणजे ब्राउझर फाईलचा प्रकार स्वतः ओळखायला जात नाही.

एसव्हीजी दिसायला चित्र आहे, पण ती मजकुराची फाईल आहे आणि तिच्यात स्क्रिप्ट बसते. लोगो म्हणून आलेली एसव्हीजी तुमच्याच डोमेनवर उघडली तर ती स्क्रिप्ट लॉगिन असलेल्या युजरच्या नावानं काम करते. गरज नसेल तर घेऊच नका.

१०. फाईलचं मराठी नाव बिघडतं, कधी प्रश्नचिन्हं येतात, कधी फाईल सापडतच नाही.

मूळ नाव डिस्कवर वापरूच नका. डिस्कवर आपलं रँडम नाव, डेटाबेसमध्ये मूळ नाव. तरीही कारणं समजून घ्या, कारण ती आपल्या लिपीची आहेत आणि इंग्रजी मार्गदर्शकांत क्वचित सापडतात.

लिनक्सच्या ईएक्सटी४ वर फाईलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. ‘कोल्हापूर’ या शब्दात काना, मात्रा, हलन्त धरून ९ चिन्हं होतात, म्हणजे २७ बाइट. एकूण ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे, आणि आपल्याकडं ‘श्री … यांचा सन … चा उत्पन्नाचा दाखला नवीन शेवटचा’ अशी नावं असतात.

दुसरं ‘ऱ’. ‘कऱ्हाड शाखा’ या नावातला ऱ युनिकोडमध्ये एकाच चिन्हानं लिहिता येतो किंवा र आणि खालचा नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्यांना दोन्ही सारखे, बाइटमध्ये वेगळे. एका संगणकावरून आलेलं नाव दुसऱ्यावरून शोधलं की ‘सापडत नाही’. साठवण्याआधी आणि शोधण्याआधी, दोन्ही वेळा मजकूर एनएफसी या युनिकोडच्या एकाच ठरलेल्या रूपात आणा.

तिसरं मायएसक्यूएल. त्याचं जुनं ‘यूटीएफ८’ ३ बाइटपर्यंतच जातं. देवनागरी त्यात बसते, म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि मग कोणीतरी नावात हात जोडलेली इमोजी घातलेली फाईल टाकतं. इमोजीला ४ बाइट लागतात. टेबल ‘यूटीएफ८एमबी४’ मध्ये ठेवा. डाउनलोडच्या वेळी मूळ मराठी नाव परत द्यायचं असेल, तर कंटेंट-डिस्पोझिशन हेडरमध्ये ‘फाइलनेम’ला तारांकन लावलेलं रूप वापरा, यूटीएफ-८ नाव त्यातूनच नीट जातं.

११. मोठी फाईल चढता चढता लॉगिन संपतं आणि सगळं पुन्हा करावं लागतं. उपाय?

आधी हिशेब करू. १०० एमबीची फाईल म्हणजे ८०० मेगाबिट. राधानगरीच्या बाजूला एखाद्या वाडीत अपलोडचा वेग सेकंदाला अर्धा मेगाबिट मिळाला, तर १६०० सेकंद, म्हणजे जवळजवळ २७ मिनिटं. पीएचपीचं सेशन मूळ सेटिंगमध्ये १४४० सेकंदांचं, म्हणजे २४ मिनिटांचं. फाईल पूर्ण येईपर्यंत तुमची स्क्रिप्ट सुरूच होत नाही, त्यामुळं या सगळ्या वेळात सेशनला कोणी हात लावलेला नसतो. स्क्रिप्ट जागी होते तेव्हा युजर अनोळखी झालेला असतो.

हे कधी होतं, कधी होत नाही, त्याचंही कारण आहे: जुन्या सेशनची साफसफाई मूळ सेटिंगनुसार सरासरी शंभरातल्या एका विनंतीला चालते. तुमच्या टेस्टिंगला गर्दी नसते, म्हणून तिथं सापडत नाही.

सेशन आठ तासांचं करणं हा उपाय नाही, त्यानं प्र. १४ मधला धोका वाढतो. फाईल एक-दोन एमबीच्या तुकड्यांत पाठवा. प्रत्येक तुकडा ही वेगळी विनंती, त्यामुळं सेशन जागं राहतं आणि रेंज गेली तर शेवटच्या तुकड्यापासून पुढं सुरू होतं. यासाठी ‘टस’ नावाचा खुला प्रोटोकॉल तयार आहे.

एक अपवाद सांभाळा. अर्ध्या वाटेत लॉगिन संपलं आणि त्याच संगणकावर दुसऱ्यानं लॉगिन केलं, तर उरलेले तुकडे त्याच्या नावावर जोडले जाऊ नयेत. अपलोड सुरू होताना मालक नोंदवा आणि प्रत्येक तुकड्याला सेशनमधल्या युजरशी ताडून पाहा.

१२. अपलोडच्या फॉर्मला सीएसआरएफ टोकन लागतंच का?

हो. तुम्ही लॉगिन असताना दुसऱ्या साइटवरचं पान तुमच्या ब्राउझरकरवी तुमच्याच पोर्टलला फॉर्म पाठवू शकतं. बिल्ला ब्राउझर आपोआप जोडतो. टोकन म्हणजे तुमच्या फॉर्ममध्ये घातलेला गुप्त मजकूर; तो त्या दुसऱ्या पानाला ठाऊक नसतो. सेमसाइट हे थांबवतं आणि क्रोमनं २०२० पासून न सांगताही ‘लॅक्स’ (दुसऱ्या साइटवरून आलेल्या पोस्ट फॉर्मला बिल्ला न जोडणं) धरायला सुरुवात केली. पण सगळे ब्राउझर तसे वागतील यावर विसंबू नका. टोकन जुळत नसेल तर आधी प्र. ३ पाहा.

१३. एकाच युजरनं दोन टॅब उघडले की एक टॅब अडकून बसतो.

सेशनचं कुलूप. पीएचपी एका वेळी एकाच विनंतीला सेशनची फाईल देतं. पहिला टॅब मोठी फाईल उतरवत असेल तर दुसरा रांगेत उभा राहतो. युजर कोण हे वाचून झालं की लगेच ‘सेशन राइट क्लोज’ करा आणि मग जड काम सुरू करा. प्र. ८ मधल्या फाईल देणाऱ्या स्क्रिप्टमध्ये ही ओळ हवीच.

१४. आमचे बरेच अर्ज सेवा केंद्रातल्या संगणकावरून भरले जातात. तिथं काय काळजी घ्यायची?

हा प्रश्न कमी जण विचारतात आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. आपण ‘एक माणूस, एक फोन, एक ब्राउझर’ धरून कोड लिहितो. इथं सेवा केंद्रात दिवसभर एकाच खुर्चीवर माणसं बदलतात आणि घरातही आई, मुलगा, सून एकाच फोनवर आपापली खाती उघडतात.

लॉगआउटचं बटण वर, मोठं, मराठीत ठेवा, आणि ते दाबल्यावर सर्व्हरवरचं सेशन नष्ट करा. नुसती कुकी पुसून भागत नाही. कागदपत्रं दाखवणाऱ्या पानांवर आणि खुद्द फाईलींवर कॅश-कंट्रोल ‘नो-स्टोअर’ लावा, नाहीतर लॉगआउटनंतर मागं जाण्याचं बटण दाबलं की आधीच्या माणसाचं पान पुन्हा उभं राहतं. ‘मला लक्षात ठेवा’ची चौकट आधीपासून टिक केलेली नको. वरच्या कोपऱ्यात कोणाच्या नावानं लॉगिन आहे ते ठळक दिसू दे. चुकीच्या खात्यात फाईल पडणं त्यानंच बरंचसं थांबतं. डाउनलोड केलेली फाईल त्या संगणकावर राहते, तिथं आपला हात पोचत नाही. म्हणून शक्य तिथं फाईल ब्राउझरमध्येच दाखवा.

१५. आयफोनचा फोटो उघडत नाही, आणि काही फोटो आडवे येतात.

आयफोन २०१७ च्या आयओएस ११ पासून फोटो हाइक प्रकारात काढतो आणि क्रोम तो दाखवत नाही. सर्व्हरवर जेपीजी करून घ्या. आडव्याचं कारण वेगळं: फोटो कुठल्या बाजूनं धरायचा हे एक्झिफ माहितीत लिहिलेलं असतं आणि प्र. ९ प्रमाणे नव्यानं एनकोड करताना ती माहिती पुसली जाते. आधी एक्झिफ वाचून फोटो फिरवा, मग एनकोड करा. ती पुसली जाणं मात्र चांगलंच आहे. फोटो कुठं काढला, त्या घराचे अक्षांश-रेखांशही त्यातच असू शकतात.

१६. कर्जदारानं जामीनदाराची कागदपत्रं टाकली. आता फाईलचा मालक कोण?

पतसंस्थेच्या कामात हा प्रश्न आला नाही असं होत नाही. प्र. ६ मधली ‘मालक’ ही एकच कॉलम इथं अपुरी पडते. तीन गोष्टी वेगळ्या नोंदवा: फाईल कोणी टाकली, कागद कोणाचा आहे, आणि तो कुठल्या अर्जाला जोडलाय. मग नियम लिहा. माझ्या मते कर्जदाराला ‘जामीनदाराचं आधार मिळालं’ एवढंच दिसावं, पाठवल्यानंतर ती फाईल त्याला पुन्हा उघडता येऊ नये. जामीनदारानं स्वतः लॉगिन करून आपले कागद टाकायची सोय करता आली तर त्याहून उत्तम. कर्मचाऱ्यांनाही हाच न्याय: गडहिंग्लज शाखेच्या सभासदाचे कागद राजारामपुरी शाखेतल्या क्लार्कला दिसायचं कारण नाही. कोणी कोणती फाईल कधी उघडली याची नोंद ठेवा.

फाउंड्रीच्या पोर्टलमध्ये उलटं असतं. तिथं ड्रॉइंग टाकणारा इंजिनिअर नोकरी सोडतो, पण ड्रॉइंग त्याच्या कंपनीचं असतं. मालक म्हणून कंपनी नोंदवा, माणूस नको. तो गेल्याचं कळलं की त्याची चालू सेशनं त्याच क्षणी तोडा. नुसता पासवर्ड बदलून आधीचा बिल्ला मरत नाही. आणि एकाच कास्टिंगसाठी दोन पंपवाल्यांची ड्रॉइंगं तुमच्याकडं असतील, तर एकाला दुसऱ्याच्या फाईलचं नावसुद्धा दिसता कामा नये.

१७. आधार आणि सातबारा साठवताना कायदा काय म्हणतो? व्हायरस तपासावा का?

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्याबद्दल त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. डेव्हलपर म्हणून आपल्या हातात जे आहे ते हे: लागत नाही तो कागद मागू नका. आधारची फक्त ओळख पटवायची असेल तर शेवटचे ४ अंकच दाखवणारं मास्क्ड आधार मागा. काम संपल्यावर किती दिवसांनी फाईल पुसायची हे संस्थेकडून लिहून घ्या आणि ते आपोआप होऊ दे.

व्हायरस तपासा, विशेषतः कर्मचारी त्या फाईली आपल्या संगणकावर उघडणार असतील तर. क्लॅमएव्ही हा व्हायरस शोधणारा प्रोग्राम मोफत आहे. तपासणी चालते का हे पाहायला आयकार नावाची ६८ बाइटची निरुपद्रवी चाचणी-फाईल मिळते. निकाल येईपर्यंत फाईल कोणालाही देऊ नका.

१८. बॅकअप रोज होतोय. आणखी काय पाहायचं?

कुठं होतोय ते पाहा. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कोल्हापूर शहरातल्या व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं होतं. सर्व्हर तळमजल्यावर आणि बॅकअपची हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या खणात असेल, तर दोन्ही एकाच पाण्यात जातात. एक प्रत गावाबाहेर हवी.

मग क्रम पाहा. नोंदी डेटाबेसमध्ये, फाईली डिस्कवर, आणि दोघांचा बॅकअप वेगवेगळ्या वेळी होतो. आधी डेटाबेसचा घ्या, नंतर फाईलींचा. तसं केलं की मधल्या वेळात आलेल्या काही फाईली जास्तीच्या सापडतील, त्यांनी बिघडत नाही. उलट क्रमानं घेतलात तर नोंद आहे पण फाईल नाही, अशी अवस्था येते आणि सभासदाला ‘तुमचा सातबारा पुन्हा द्या’ म्हणावं लागतं. याच कारणानं युजरनं पुसलेली फाईलही लगेच डिस्कवरून काढू नका. नोंदीवर ‘पुसली’ अशी खूण करा आणि दोन-तीन दिवसांनी खरंच पुसा. प्र. १७ मध्ये ठरलेली मुदत मात्र बॅकअपलाही लावा. मूळ जागेवरून पुसलेलं आधार तीन वर्षांच्या जुन्या बॅकअपमध्ये पडून असेल, तर ते पुसलेलं नाही.

बॅकअप कूटबद्ध करा आणि त्याची किल्ली त्याच सर्व्हरवर ठेवू नका. मग महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनवर सगळं परत उभं करा, दोन वेगळ्या सभासदांच्या खात्यांनी लॉगिन करा, प्रत्येकी दहा फाईली उघडा आणि एकाच्या लिंका दुसऱ्याच्या खात्यात चिकटवून पाहा. तिथंही ४०४ आलं पाहिजे.